संध्याकाळची झटकाझटक

पटाशी कारखान्यात टिकली तर मिस्त्रींचा फायदा किती, हे आधी मांडून टाकतो. पहिला फायदा डोळ्यांचा. मिस्त्रींना रस्त्याच्या टोकाला कोण उभं आहे ते दिसतं, पण हातातल्या मोजपट्टीवरच्या रेघा एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या दिसतात. पटाशीला त्या वेगळ्या दिसतात. दुसरा फायदा कमरेचा. जाड फळी यंत्रावर चढवायची तर मिस्त्रींना हल्ली आपल्या कमरेची परवानगी काढावी लागते, आणि ती सहसा मिळत नाही. तिसरा फायदा भांडणाचा. सुताराला दिवसभर भांडायला कोणीतरी लागतंच, आणि लाकूड उलट बोलत नाही. चौथा फायदा सगळ्यांत मोठा, पण तो मिस्त्री कबूल करणार नाहीत. गिऱ्हाईक आलं की ते तिने केलेल्या सांध्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "नख घालून दाखवा यात. माझ्या मुलीचं काम आहे." तेव्हा त्यांची छातीपर्यंतची दाढी आपोआप वर उचलली जायची.

जमेच्या बाजूला हे एवढं. खर्चाच्या बाजूला त्यांनी काहीच मांडलं नव्हतं. खर्च पटाशीच्या छातीत चालला होता.

मिस्त्री माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पटाशी ही त्यांची एकुलती एक लेक. पटाशी म्हणजे खरं तर सुताराचं धारेचं हत्यार, लाकडाचा पापुद्रा अलगद सोलून काढणारं. पण ही पोर बोलायला लागल्यापासून माणसं सोलत आली, म्हणून बापानेच तिचं हे नाव पाडलं. आता ती तिशीत आहे आणि धार काही कमी झालेली नाही. माझं दुकान त्यांच्या कारखान्याला लागून. बिजागऱ्या, स्क्रू, कड्या, कुलपं, असलं सगळं. मध्ये एकच भिंत, तीही पातळ. त्यामुळे मला त्यांच्याकडचं सगळं ऐकू येतं, आणि न मागता सल्ला देण्याचा हक्क मी त्या भिंतीच्या जोरावरच बजावतो.

हिवाळ्यात त्या भिंतीतून खोकला यायला लागला. मिस्त्रींचा नव्हे. त्यांचा मला पाठ आहे. तो सकाळी येतो, बेसिनपाशी, आणि यंत्र सुरू व्हायच्या आधी आटपतो. हा संध्याकाळचा होता, कोरडा, आणि त्याच्या शेवटी बारीक शिट्टी वाजायची. पटाशीचं नाक सदा चोंदलेलं. भुवयांच्या वर कोणीतरी फळी ठेवून दाबतंय असं तिला वाटायचं. सुट्टीच्या दिवशी बरी असायची. मैत्रिणीकडे आठवडाभर राहून आली तेव्हा तर गाणी म्हणत आली. कारखान्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि गाणी बंद.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि सांगितलं, "लाकडाची धूळ आहे ही. धूळ तरी थांबवा, नाहीतर काम तरी."

ताईने, म्हणजे माझ्या बहिणीने, यातला दुसरा अर्धा भाग तेवढा उचलला. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानाला कपाटांची चित्रं काढायला माणूस हवं होतं. संगणकासमोर बसायचं, गार खोलीत, फिरत्या खुर्चीत. त्यांना पटाशीचं काम माहीत होतं, बोलावणंही आलेलं होतं. "नखात भुसा नाही, केसांत भुसा नाही," ताई मला म्हणाली, "माणसासारखी दिसेल." पटाशीने ऐकलं आणि म्हणाली, "आई, मी आत्ता कशासारखी दिसते ते एकदा सांगूनच टाक."

तर प्रश्न एवढाच होता, की पटाशीने लाकूड सोडायचं की नाही.

आता कोणी म्हणेल, हे लोक बेफिकीर असतील. तसं मुळीच नव्हतं. पटाशीने माझ्याच दुकानातून मास्क नेला होता, कापडी नव्हे, गालांवर दोन गोल गाळण्या असलेला रबरी. तो लावून ती पहिल्यांदा यंत्राशी उभी राहिली तेव्हा मिस्त्री मला हाक मारून म्हणाले, "शेठ, या या, माशी बघायला या. केवढी माशी बसलीय लाकडावर."

"माशी परवडली," मास्कच्या आतून आवाज आला. "तुम्ही तर पोटभर भुसा खाता रोज."

"माझ्या छातीत आता जागाच नाही. नवीन भुसा आला तर बाहेरून बघून परत जातो."

करवतीच्या यंत्राला त्यांनी धूळ ओढणारा पंखाही बसवला होता, खाली मोठी कापडी पिशवी लावून. आणि एवढं करून वर रोज संध्याकाळी ती झटकाझटक.

ती मी कितीदा पाहिली असेल. यंत्रं थांबली की पटाशी मास्क काढायची, केस मोकळे करायची आणि हात पसरून मधोमध उभी राहायची. मिस्त्री हवेच्या कॉम्प्रेसरची नळी घेऊन यायचे. दिवसभर ती नळी खिळे मारायच्या बंदुकीला जोडलेली असायची, पण तिचं शेवटचं काम हे. आधी पाठ, मग खांदे, मग बाह्या. "वळ." ती वळायची. "डोळे मीट." ती मिटायची. केसांवर हवा मारताना ते नळीचं तोंड लांब धरायचे आणि दुसऱ्या हाताने तिच्या कानाला आडोसा करायचे, कानात वारा शिरू नये म्हणून. ती शाळेत असताना भुशाच्या ढिगात लोळायची, तेव्हापासूनची ही रीत. मिस्त्री काही मुलीच्या डोक्यावरून हात फिरवणारे गृहस्थ नव्हेत. ते नळी फिरवायचे. ताईचा नियम होता, की भुसा उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आणि मिस्त्री तो नियम इतक्या आनंदाने पाळायचे, की मला कधीकधी वाटायचं ताईने तो त्यांच्यासाठीच केला असावा.

मग थंडी म्हणून दार ओढून घ्यायचं आणि तिथेच, यंत्राच्या टेबलावर कप ठेवून, दोघांनी चहा प्यायचा. तो खोकला मला ऐकू यायचा तो या चहाच्या वेळी.

औषध संपलं तेव्हा पुन्हा दवाखान्यात जायचं ठरलं. गाडी माझी, म्हणून मीही गेलो. शिवाय डॉक्टर जे सांगतात त्यातलं ताईला वाईट तेवढं ऐकू येतं, मिस्त्रींना चांगलं तेवढं, आणि पटाशीला काहीच नाही. कोणीतरी सगळं ऐकणारं हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "व्हायला हवं होतं तेवढं बरं नाही," त्या म्हणाल्या. "मास्क लावता ना?"

"लावते की." पटाशीने तो पिशवीतून काढून लावूनच दाखवला. बाईंनी दोन्ही गाळण्यांवर आपले तळहात दाबले आणि म्हणाल्या, "आता श्वास आत घ्या." रबर तिच्या गालांना चिकटलं. कुठून हवा आली नाही.

"उत्तम बसतो. यंत्राला पिशवी?"

"आहे."

"मग जाते कुठून?" बाई स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "असं करा, मला तुमचा एक दिवस सांगा. कुलूप उघडल्यापासून कुलूप लावेपर्यंत."

पटाशीने तोंड उघडलं, पण दिवस सांगायला घेतला मिस्त्रींनी. आपण मुलीची किती काळजी घेतो हे एका शिकलेल्या माणसाला ऐकवायची संधी त्यांना रोज थोडीच मिळते? फळ्या कोण उचलतं, यंत्रावर कोण उभं राहतं, हल्ली एमडीएफच्या, भुसा दाबून केलेल्या, पाट्यांचं काम वाढलंय आणि त्यांचा भुसा कसा पिठासारखा पडतो, सगळं सांगितलं. "आणि संध्याकाळी तर," ते खुर्चीत पुढे सरकले, "मी स्वतः हिला झटकतो. हवेच्या नळीने. डोक्यापासून पायापर्यंत. दणकून प्रेशर असतं. एक कण घरी जाऊ देत नाही. विचारा हिच्या आईला."

"केसांतसुद्धा नसतो," ताईने साक्ष दिली.

डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. मला तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलंय. "तेव्हा यांच्या तोंडावर मास्क असतो?"

"तेव्हा कशाला? यंत्रं बंद झालेली असतात."

"आणि मग?"

"मग चहा."

"कुठे?"

"तिथेच की. दार लावून. बाहेर गारठा असतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "जो भुसा तुम्हाला दिसतो ना, तो खाली पडतो. त्यातला बराचसा नाक अडवतं, म्हणून तर ते चोंदलंय. पण जो दिसत नाही, तो एकदा उडाला की तासन्‌तास हवेत राहतो. यंत्र थांबलं म्हणून तो थांबत नाही. तुम्ही दिवसभर तो अडवता. आणि संध्याकाळी, मास्क काढल्यावर, अंगावरचा सगळा यांच्या तोंडासमोर उडवता. बंद खोलीत."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मिस्त्रींना उलट भांडता आलं असतं. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले, दुसऱ्याचा हात चुकून आपल्या मांडीवर आला असावा तसे.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"बाबा, काहीतरी बोलू नका," पटाशी म्हणाली. "मला कोणी बांधून उभं केलं नव्हतं."

"केसांतसुद्धा नसतो" म्हणणारी ताई भिंतीवरचं फुप्फुसाचं चित्र वाचत होती.

बाईंनी पुढचं नीट सांगितलं, आणि ते मी ऐकलं. छाती सध्या चिडलेली आहे. धूळ थांबली तर शांत होईल. पण तिने एकदा लाकडाशी कायमचं वैर धरलं, की मग चिमूटभर भुसाही चालणार नाही. मास्क नाही, पिशवी नाही, कशाचाच उपयोग नाही. त्याआधी ठरवा. उन्हाळा लागला की मला येऊन भेटा. नाकासाठी उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून रोज नाक धुवायचं. "तुम्हीसुद्धा," असं त्या मिस्त्रींना म्हणाल्या, पण मिस्त्री तिथे नव्हते. म्हणजे खुर्चीत होते, पण तिथे नव्हते.

परत येताना गाडीत निम्मा रस्ता गेल्यावर मिस्त्री पुढच्या काचेकडे बघत ताईला म्हणाले, "त्या ऑफिसवाल्यांना फोन लाव. येते म्हणावं."

डोळे, कंबर, भांडण आणि ती वर उचलली जाणारी दाढी. चारही फायदे त्यांनी एका दमात खोडून टाकले. ताईला जे हवं होतं ते न मागता हातात पडलं, पण तिने फोन काढला नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

"मामा, गाडी थांबवा," मागून पटाशी म्हणाली.

"का गं?"

"उतरते. ज्या गाडीत माझं परस्पर ठरतं तिच्यात मी बसत नाही."

"सिग्नल लागलाय. मध्येच उतरलीस तर पोलीस मला धरेल."

"मग सिग्नलच्या पुढे थांबवा."

मी सिग्नलच्या पुढे थांबवली नाही, आणि तीही उतरली नाही. घरी गेल्यावर स्वयंपाकघरात खरी जुंपली. ताई ओट्याला टेकून उभी, पटाशी टेबलावर बसलेली, मिस्त्री दारात, अर्धे आत अर्धे बाहेर.

"मला त्या खुर्चीत बसवून काय मिळणार आहे तुला?" पटाशीने विचारलं.

"तुझा श्वास," ताई म्हणाली.

पटाशी टेबलावरून खाली उतरली.

"आणि श्वास कारखान्यातच मिळाला तर?" ती म्हणाली.

"दाखव. तोंडी नको."

"कसं दाखवू? हवा काय मुठीत धरून आणू?"

ताईने फळीवरून एक स्टीलची ताटली काढली, तेलाच्या बरणीत बोट बुडवून ताटलीला पातळसा हात फिरवला आणि ती टेबलावर ठेवली. तेलकट डब्यावर धूळ कशी बसते हे तिला कोणी शिकवायला नको होतं. जन्मभर तिने दुसरं काय पुसलंय? "रोज काम आटपल्यावर ही यंत्राशेजारच्या फळीवर ठेवायची. सकाळी मी येऊन बोट फिरवणार. खरखर लागली तर लाकूड बंद. उन्हाळ्यापर्यंत बघते."

"पहिल्याच दिवशी लागली तर?" मी मध्ये पडलो.

"सुरुवातीचे काही दिवस सोडून देईन. शिकाऊ म्हणून."

"मी यात नाही," मिस्त्री दारातून म्हणाले. "तिने जावं. मला बघवणार नाही."

"तुम्हाला कोणी विचारलंय?" दोघी एकदम म्हणाल्या. तेव्हा मला वाटलं, हे प्रकरण अगदीच हाताबाहेर गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हवा मारायची ती पितळी तोटी काढून माझ्या दुकानात आणून ठेवली. "तुझ्याकडे राहू दे. आणि मला दिसेल अशी नको ठेवूस." पटाशीने धूळ ओढायचं एक यंत्र आणलं, बारीक गाळणीचं, पुढे मऊ ब्रश लावायची सोय असलेलं. उडवायचं नाही, ओढून घ्यायचं, हा त्यातला सगळा फरक. दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या, चहा बाहेर कट्ट्यावर प्यायचा, कारखान्याचे कपडे कारखान्यातच बदलायचे, आणि मास्क उतरवायचा तो सगळ्यांत शेवटी, दाराबाहेर गेल्यावर.

पहिल्या सकाळी ताईने ताटलीवर बोट फिरवलं आणि ते बोट पटाशीच्या नाकासमोर धरलं. बोट पिठात बुडवून काढल्यासारखं होतं. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या दिवशी पटाशी ताईच्या आधी, न सांगता आली, आणि कारखान्यात धुकं पडलेलं तिला दिसलं. धुक्यात मिस्त्री उभे, हातात खराटा.

"बाबा!"

मिस्त्रींनी खराटा पाठीमागे लपवला. एवढा लांब दांडा पाठीमागे लपत नाही, डोक्याच्या वर दिसत राहतो. "झाडल्याशिवाय कारखाना उघडल्यासारखा वाटत नाही गं."

"ज्या कारखान्यातून मला घालवायला निघालात, तो स्वच्छ कोणासाठी करताय?"

खराटाही माझ्याकडे आला. माझं दुकान म्हणजे मिस्त्रींच्या सवयींचं गोदाम झालं होतं.

त्यानंतर ओल्या फडक्याने पुसणं सुरू झालं. ताटली सुधारली, पण पास होईना. पटाशी दोन दिवस कारखान्यात नाक वर करून फिरत होती, मांजर उंदीर शोधतं तशी. शेवटी तिने धूळ ओढणाऱ्या पंख्याच्या कापडी पिशवीवर थाप मारली आणि पिशवीतून धूर निघाला. जिच्यावर सगळी भिस्त, तीच गळत होती. जाड भुसा पोटात ठेवून बारीक भुसा परत खोलीत सोडत होती. तो पंखा आणि ती पिशवी मग मागच्या बाजूला, बाहेर, पेटीत बंद करून बसवायची ठरली. मागची बाजू म्हणजे माझ्या गल्ल्यामागची भिंत. मला विचारलं का? विचारलं. "मामा, आवाज होईल थोडा. चालेल ना?" पटाशीने विचारलं तोपर्यंत भिंतीला भोक पडलेलं होतं.

उरली पाठ. पुढचं अंग पटाशी स्वतः ब्रशने साफ करायची, पण पाठीला हात पुरेना. मिस्त्री ब्रशला हात लावेनात. "मी नाही," एवढंच म्हणायचे आणि फळ्या मोजायला लागायचे. काही दिवस पटाशीने दाराच्या चौकटीला पाठ घासून पाहिली. म्हैस तरी बरी दिसते. मग एका संध्याकाळी ती मास्क लावून, पाठ करून उभी राहिली आणि ब्रश मागच्या मागे धरला.

"बाबा. पाठ."

"शेठला सांग."

"मामा पाठ झाडत नाहीत, पाठीमागे बोलतात. तुम्ही या."

मिस्त्री तसेच उभे. ती तशीच उभी. यंत्र घों घों करत होतं आणि मी भिंतीला पडलेल्या फटीतून बघत होतो, हे खोटं कशाला बोलू. शेवटी ते आले. ब्रश घ्यायच्या आधी त्यांनी तिला आपल्याकडे वळवलं, दोन्ही तळहात तिच्या गालांवरच्या गाळण्यांवर ठेवले आणि म्हणाले, "आत घे." तिने श्वास घेतला. रबर चिकटलं. दवाखान्यात त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं असं मी समजत होतो. हे मात्र त्यांनी पाहून ठेवलं होतं. "पुन्हा घे," ते म्हणाले. तिने पुन्हा घेतला. मग त्यांनी पाठीवरून ब्रश फिरवला, पॉलिश लावताना फिरवतात तसा, एका दिशेने, सावकाश.

"आता तुम्ही," ती वळून म्हणाली.

"माझं काय आता राहिलंय?"

"ते तुमचं तुम्ही ठरवू नका. तुमच्या अंगावरचा भुसा माझ्याच खोलीत उडतो. आणि तुम्ही उघड्या नाकाने उभे राहणार असाल तर मी त्या खुर्चीत जाऊन बसते. आजच."

मिस्त्रींसाठीही मास्क आला. पटाशीने तो लावला, तळहात दाबले, म्हणाली "घ्या." मिस्त्रींनी श्वास घेतला आणि कडेने, दाढीतून, वारा सुसाट आत गेला. पट्टे आवळले तरी तेच. दाढी ही अशी चीज आहे, की तिच्यावर रबर बसत नाही.

"गाळणी कसली, कुंपणातून गुरं जावीत तसं चाललंय," मी म्हणालो.

"दाढीला हात लावायचा नाही," मिस्त्री म्हणाले. लग्नाच्या आधीपासूनची दाढी. तिच्यात पेन्सिल राहायची. विचार करताना ते तिला धरायचे. ती नसती तर विचार कुठे धरला असता कोण जाणे.

कोणी आग्रह केला नाही. ताईने फक्त फिरत्या खुर्चीवाल्यांचा फोन आला होता असं सांगितलं. रविवारी मिस्त्री न्हाव्याकडे गेले आणि एक अनोळखी गृहस्थ घरी परत आले. ताईने दार उघडलं, बघितलं, आणि तिथेच खाली बसली. हसून हसून डोळ्यांत पाणी. "अगंबाई, तुम्ही होय," ती म्हणत राहिली. "मला वाटलं, वीज मोजायला आलेत." पटाशी बापाची हनुवटी आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. मधोमध खळी. तिने आपल्या हनुवटीवर बोट ठेवलं. "ही तुमची होय? आई तर म्हणायची तिच्या माहेरची आहे."

"मी असं कधी म्हणाले?" ताई म्हणाली. ती म्हणाली होती. माझ्यासमोर.

ताटलीने त्यानंतरही दोनदा दगा दिला. एकदा कोणीतरी मास्क सरकवून पेन्सिलच्या रेघेवरचा भुसा तोंडाने फुंकला म्हणून, आणि एकदा खिडकीतून रस्त्याची धूळ आली म्हणून; ही दुसरी ताईने उदार होऊन माफ केली. मग ती गुळगुळीत येऊ लागली. भिंतीतून येणारा खोकला आधी आखूड झाला, मग त्याची शिट्टी गेली. सकाळी बाप-लेक बेसिनपाशी शेजारी शेजारी उभे राहून नाक धुवायचे आणि तुझं जास्त की माझं जास्त यावर वाद घालायचे. तपशील सांगत नाही.

उन्हाळा लागला. दवाखान्यात जायच्या दिवशी ताई कारखान्यात सगळ्यांच्या आधी आली. किल्ली तिने माझ्याकडूनच नेली, म्हणून मीही मागे गेलो. तिने ताटली उचलली, खिडकीशी नेली आणि बोट फिरवलं. मग दुसरं बोट. मग कडेकडेने, जिथे आपण डब्यांच्या कडा पुसायला विसरतो तिथे. उजेडात धरून बघितलं. तेलात तिच्याच बोटांच्या रेघा होत्या, आणखी काही नव्हतं.

"मेलं काहीच नाही," ताई म्हणाली. आवाजात आनंद होता, पण तो एकटा नव्हता. तिला हवी असलेली स्वच्छ नखांची मुलगी या ताटलीवर अवलंबून होती, आणि ताटली तिनेच मांडली होती.

"ताई, हरलीस."

"हरले की. तू कशाला दात काढतोस?" तिने ताटली पुसली. "चांगलं झालं हरले. जिंकले असते तर ती माझ्याशी कधी बोलली नसती, आणि हे कोणाशीच."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ ऐकलं. "शिट्टी नाही," त्या म्हणाल्या. "राहा लाकडात. पण असंच राहावं लागेल, एक दिवसही सूट नाही. आणि छाती अगदी पहिल्यासारखी होईल असं मी सांगणार नाही. तोंडाने औषध ओढायचा पंप खिशात ठेवा." दवाखान्याच्या पायऱ्यांवरच ताईने फिरत्या खुर्चीवाल्यांना फोन लावला आणि आमची मुलगी येणार नाही म्हणून सांगितलं. पटाशीने आईचा दंड धरून ठेवला होता. मिस्त्री आपल्या उघड्या हनुवटीला धरून विचार करत होते, जमत होतं.

आता कोणी काय भरलं ते. मिस्त्रींनी दाढी भरली, आणि ज्या हातावर त्यांचा जन्मभर भरवसा होता त्या हातावरचा भरवसा. त्यातला थोडा ब्रशने परत मिळवलाय, सगळा नाही. ताईने ती खुर्ची भरली. मी माझी भिंत भरली. गल्ल्यामागे दिवसभर पंखा घोंघावतो आणि गिऱ्हाइकाशी मला ओरडून बोलावं लागतं. सगळ्यांत जास्त मात्र पटाशीने भरलं, श्वासाचा तो भाग जो परत येईल असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. तो मी बापाच्या मायेच्या नावावर टाकायला निघालो होतो. तिला तसं बोलूनही दाखवलं. ती पंप खिशात सरकवत म्हणाली, "मामा, तो खर्च माझा. बाबांच्या नावावर टाकलात, तर तुमच्याशी बोलणं बंद."

म्हणून तिच्याच नावावर आहे.